तरुण मुलामुलींची माफी कशी मागावी: चुकलेल्या मोठ्यांसाठी

तेरा-चौदा ते बावीस-तेवीस वयाच्या मुलाला किंवा मुलीला ज्यांनी खरोखर दुखावलं आहे आणि ज्यांना ते आता टोचतंय, अशा मोठ्या माणसांसाठी हे टिपण आहे. मग ते आई-वडील असोत, काका-मामा असोत, शिक्षक असोत की मैदानावरचे कोच. कुणी चारचौघांत कानाखाली मारलेली असते, कुणी पिऊन नको ते बोललेलं असतं. कुणी मुलीच्या शिक्षणाचे पैसे तिला न विचारता खर्च केलेले असतात, कुणी तिचा फोन उघडून त्यातलं नातेवाइकांना सांगितलेलं असतं. कुणी नको असताना सायन्स घ्यायला लावलेलं असतं, तर कुणी घर सोडून वर्षानुवर्षं फिरकलेलंच नसतं.

आपल्याकडे मोठी माणसं माफी बोलून मागत नाहीत, कृतीतून सुचवतात. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी बाप दारातून म्हणतो, “जेवून घे.” रविवारी मिसळ खायला नेतो, फोनला नवं कव्हर आणून टेबलावर ठेवतो. ही माया खरी असते, ती कमी लेखू नका. पण मिसळ खाऊन आलेल्या मुलाला एक गोष्ट कळलेली नसते: आपल्याला नक्की काय केलं गेलं, हे बाबांना माहीत तरी आहे का? त्याला तेवढंच हवं असतं. तुम्ही काय केलंत ते तुमच्या तोंडून, आणि बदल्यात त्याच्याकडून काहीही न मागता. पुढची सगळी पद्धत या दोन गोष्टींवर उभी आहे.

आधी हे तपासा

मारणं, शिव्या, दारू अजून चालू असेल तर माफी मागायची वेळ आलेली नाही. आधी ते थांबवा. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांमध्ये ज्यांना दुखावलं त्यांची यादी आठव्या पायरीवर येते आणि प्रत्यक्ष भरपाई नवव्या. तीही ‘त्या व्यक्तीला किंवा इतरांना इजा होणार नसेल तरच’ या अटीवर. हा क्रम विचार करून ठेवलेला आहे. दारू सोडून आठच दिवस झालेला माणूस भरून आलेल्या मनाने मुलीपुढे हात जोडतो, पंधराव्या दिवशी परत पितो, आणि त्यानंतर त्याच्या कुठल्याच शब्दावर तिचा विश्वास बसत नाही.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर इथलं काहीच लागू नाही. त्या मुलाशी किंवा मुलीशी संपर्क करायचा नाही, माफीसाठीसुद्धा नाही. ‘झालं गेलं विसरा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनीही लक्षात ठेवावं की २०१२ च्या पॉक्सो कायद्याने (अठरा वर्षांखालच्या मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) अशी माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. कोर्टाचा भेटीबाबत आदेश असेल तर त्याच्या बाहेर एक मेसेजही जाता कामा नये. आणि तक्रार मागे घ्यावी म्हणून माफी मागायचा विचार असेल, तर त्याला सौदा म्हणतात. मुलांना तो लगेच कळतो.

कागदावर लिहून काढा

एक कोरा कागद घ्या. डावीकडे लिहा, मी काय केलं. कुठे, कधी, कोणासमोर आणि कोणते शब्द वापरून. उजवीकडे लिहा, त्यानंतर त्याच्या आयुष्यात काय बदललं. तो आत्याकडे जायचा थांबला, तिने कथ्थकचा क्लास सोडला, तुम्ही घरात शिरलात की तो उठून आतल्या खोलीत जातो. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. ‘त्याचा आत्मविश्वास खचला’ हा तुमचा अंदाज झाला.

डावीकडची वाक्यं पुन्हा वाचा. ‘हात उठला’, ‘तोंडातून गेलं’, ‘रागाच्या भरात झालं’ असं लिहिलं असेल तर खोडून ‘मी मारलं’, ‘मी बोललो’, ‘मी पैसे काढले’ असं करा. लिहिताना हात अडखळेल. वाक्य बरोबर जागी पोहोचल्याची ती खूण आहे.

मग एक, फार तर दोन प्रसंग निवडा. वीस वर्षांचा हिशेब एका बैठकीत ओतला की समोरच्याला तो सावरत बसावा लागतो, आणि तुम्हाला धीर देण्याचं काम त्याच्या अंगावर पडतं. कोणता प्रसंग घ्यायचा? तुम्हाला जो सर्वांत जास्त लाजवतो तो नको. त्याला ज्याने सर्वांत जास्त लागलं असं तुम्हाला दिसलंय, तो घ्या. बरेचदा हे दोन वेगळे असतात. बापाला मारल्याची लाज वाटत असते आणि मुलाच्या मनात मात्र मित्रांसमोर ऐकलेलं “याला काही जमणार नाही” हेच रुतून बसलेलं असतं.

वेळ आणि जागा

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीईटी-नीट एप्रिल-मेमध्ये. या दिवसांत जुनं काही उकरू नका. परीक्षेच्या तोंडावर मन मोकळं होतं ते तुमचं, विस्कटतं ते त्याचं. वाढदिवस आणि दिवाळीची सकाळही नको. आमच्या नाशिकचंच उदाहरण घ्या: सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी आल्यावर नको. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची काढणी चालू असताना नको. तेव्हा घरात कुणीच शांत नसतं, आणि त्याच रात्री गारपीट झाली तर सकाळी तुम्ही कोणत्या आवाजात बोलाल याची खात्री तुम्हालाच नसते. आदल्या दिवसापासून दारूचा थेंबही नको, ‘धीर यावा म्हणून’ घेतलेलाही नको.

जागेचा नियम एकच: त्याला हवं तेव्हा उठून जाता आलं पाहिजे. म्हणून चालत्या गाडीत नको. मोटारसायकलवर मागे बसवून तर नकोच, हेल्मेटमधून अर्धं ऐकू येत नाही आणि उतरायची सोय नसते. मिसळीच्या ठिकाणी नको, शेजारच्या टेबलावर कुणी ओळखीचं निघणारच. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोदापार्क सकाळी गर्दी ओसरल्यावर बरा, कारण शेजारी-शेजारी चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि या वयात ते सोपं जातं. पांडवलेणीला जायचं ठरलं तर बोलणं पायथ्याशी, बसून. पायऱ्या चढताना धाप लागलेल्या माणसाचं वाक्य अर्ध्यात तुटतं. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात गच्ची चालेल, पण खाली कुणी ऐकत उभं नाही हे बघून. तो बाहेर भेटायला येत असेल तर स्वतःच्या वाहनाने किंवा रिक्षाने परत जाऊ शकेल याची सोय आधी करा.

आधी विचारा. मेसेज चालेल. असा: “गेल्या वर्षी आत्याकडे मी जे वागलो त्याबद्दल मला तुझ्याशी दहा मिनिटं बोलायचंय. तुला ओरडण्यासाठी नाही. शनिवारी किंवा तू म्हणशील तेव्हा. नको असेल तर नको म्हण, मी परत विचारणार नाही.” शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळा. “तुझ्याशी बोलायचंय” एवढाच मेसेज पाठवू नका. जे मूल तुम्हाला घाबरतं त्याचा सगळा दिवस त्या दोन शब्दांवर जातो.

प्रत्यक्ष काय बोलायचं

दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच. नमुना देतो, शब्द तुमचे घाला:

“दिवाळीत आत्याकडे सगळ्यांसमोर मी तुझ्या कानाखाली मारली आणि तुझ्यावर खर्च केलेला पैसा पाण्यात गेला असं म्हणालो. तू काहीही केलं असतंस तरी तसं करायचा मला हक्क नव्हता. त्यानंतर तू आत्याकडे गेलेला नाहीस, ते माझ्यामुळे. माझं चुकलं. तुला चालत असेल तर त्या दिवशी जे तिथे होते त्यांना मी हे सांगणार आहे. यापुढे मी तुझ्यावर हात उचलणार नाही. आत्ता तू काही बोलायची गरज नाही.”

यात काय नाही ते बघा. ‘पण’ नाही. ‘तुझ्या भल्यासाठीच’ नाही. ‘आमच्या वडिलांनी आम्हाला पट्ट्याने मारलं तरी आम्ही’ नाही. ‘मला रात्र-रात्र झोप लागत नाही’ हेही नाही, खरं असलं तरी. ते ऐकल्यावर तुमच्या झोपेची जबाबदारी त्याच्यावर येते. आणि ‘मला माफ केलंस ना?’ हा प्रश्न मुळीच नाही. २०१६ साली ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी माफीचे सहा भाग करून लोकांना कशाचं वजन वाटतं ते तपासलं. ‘चूक माझी’ हे कबूल करणं सर्वांत वर आलं, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी, आणि ‘मला क्षमा करा’ ही विनंती तळाला. तो अभ्यास नोकरीतल्या चुकीवर बेतलेला होता, घरातल्या नाही. पण घरात तर ही विनंती आणखी जड होते, कारण बापाने विचारल्यावर सोळा वर्षांचा मुलगा ‘नाही’ म्हणू शकत नाही. तो ‘हो’ म्हणतो आणि आतून आणखी लांब जातो.

कारण सांगायचं ते त्याने “का?” असं विचारलं तरच, आणि दोन वाक्यांत: “त्या वर्षी सोसायटीचं कर्ज थकलं होतं आणि मी पीत होतो. त्यातलं काहीच तुझ्यामुळे नव्हतं.” इथे थांबा. तिसऱ्या वाक्यापासून स्वतःची बाजू मांडणं सुरू होतं.

समोरून काय येईल

बहुतेक वेळा काहीच येत नाही. तो पायाकडे बघतो, “हं” म्हणतो, फोन काढतो. इथे बहुतेक मोठी माणसं घाबरून बोलत सुटतात आणि मिळवलेलं घालवतात. एक मिनिट गप्प राहणं फार लांब वाटतं. राहा. मग “एवढंच सांगायचं होतं, चल” म्हणून उठा.

“ठीक आहे, इट्स ओके” आलं तर त्याला तडजोड झाली असं समजू नका. विषय संपवायची ती सभ्य पद्धत आहे. “बरं. पुढे कधी बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन” एवढं पुरे.

तो हसला, टोमणा मारला, “आज कसं काय आठवलं?” म्हणाला, तर तो तुम्हाला चाचपून बघतोय. आवाज चढतो का, हे त्याला बघायचंय. “उशीर झाला, खरं आहे,” इतकंच म्हणा.

सगळ्यांत अवघड, आणि खरं तर सर्वांत चांगली गोष्ट, म्हणजे तो चिडून यादी वाचू लागतो. आठवीत हे केलंत, आईला ते बोललात, आजीच्या तेराव्यालाही तसंच. त्यातलं काही तुम्हाला वेगळं आठवत असेल. तारीख, शब्द, आधी कोण बोललं, यातलं काहीही दुरुस्त करायचं नाही. आठवतच नसेल तर खोटं ‘हो’ म्हणू नका: “मला ते आठवत नाही. पण तू खोटं सांगतोयस असं मी म्हणत नाही.” घरी जाऊन ते कागदावर लिहा. त्याने दिलेली यादी ही पुढच्या बोलण्याची सामग्री आहे, त्याच दिवशी उत्तर द्यायची नाही.

डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण हुंदके फुटत असतील तर “मी दोन मिनिटांत येतो” म्हणून बाजूला जा. मुलगी तुमचे डोळे पुसायला लागली की माफी उलटी फिरली. पाया पडायला लावणं, मिठी मारायला लावणं, ‘आता हस बघू’ हेही नको. तिने आपणहून जवळ घेतलं तर गोष्ट वेगळी.

नुकसान भरून देणं

जिथे तोडलं तिथेच सांधायचं. चारचौघांत अपमान केला असेल तर एकांतातली माफी अर्धीच. मात्र त्याची परवानगी घेऊन, कारण काही मुलांना तो विषय पुन्हा सगळ्यांपुढे निघणं नको असतं. परवानगी मिळाली तर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक लिहू नका. त्या दिवशी हजर असलेल्या चार-पाच जणांना एकेक फोन करा: “त्या दिवशी मी चुकलो होतो, त्याचं काही चुकलं नव्हतं.” पुढे कुणी “तूही जरा सांभाळून राहा” असं मुलाला सांगायला निघालं तर तुम्हीच थांबवा.

पैशाचं तर अगदी व्यवहारासारखंच करायचं. समजा मुलीच्या नावच्या आरडीतले ४०,००० रुपये मोडून तुम्ही ट्रॅक्टरचा हप्ता भरला. कागदावर लिहा: मुद्दल ४०,०००, दरमहा २,०००, २० महिने, दर महिन्याची १० तारीख. मोडली नसती तर व्याज किती मिळालं असतं ते बँकेत किंवा पोस्टात विचारा आणि शेवटच्या हप्त्यात घाला. खाली सही करा, एक प्रत तिला द्या. पैसे रोख नको, तिच्या एकटीच्या खात्यावर भरा. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायचं बचत खातं मिळू शकतं. झेपणार नसेल तर १,००० चे ४० हप्ते ठरवा, पण ठरवलेला चुकवू नका. हप्ता वेळेवर आला की तिला सांगायला लागत नाही, पासबुकात दिसतं. ‘आपल्याच घरातले पैसे, त्यात काय’ हे वाक्य आजूबाजूचे म्हणतील. मुलीने ते आयुष्यभर ऐकलेलं असतं, म्हणूनच लिखापढी हवी.

घर सोडून गेलेल्या वडिलांना एक भरपाई हमखास करता येते, आणि ती सहसा कुणाला सुचत नाही: कागदपत्रं. मुलांच्या जातीच्या दाखल्याला आणि जातपडताळणीला वडिलांकडची कागदं लागतात: तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, तुमचा जातीचा दाखला, आजोबांच्या शाळेची किंवा महसुलाची जुनी नोंद. आईकडे राहणारी मुलं ॲडमिशनच्या तोंडावर यासाठी वणवण करतात आणि नको असलेल्या माणसांपुढे हात पसरतात. सगळ्यांच्या स्वच्छ प्रती काढा, मूळ कागद कधी लागले तर कोणत्या दिवशी कुठे आणून द्याल ते लिहा, फाइल पोहोचवा. ‘भेटायला आलास तर देतो’ म्हणालात तर फाइलची किंमत शून्य.

फोन वाचला असेल तर ‘आता वाचत नाही’ हे तोंडी आश्वासन पुरत नाही. तुमच्याकडे असलेला त्याचा पासवर्ड, लोकेशन ॲप, दुसऱ्या फोनवर जोडून ठेवलेलं व्हॉट्सॲप हे सगळं त्याच्यासमोर काढून टाका.

गेलेली वर्षं परत देता येत नाहीत. बळजबरीने सायन्सला घातलेल्या मुलाचं ते झालंय. तिथे एक काम उरतं: ज्यांना तुम्ही ‘त्याला झेपलं नाही’ असं सांगत आलात, त्यांना ‘त्याला नको होतं, मी लावलं’ असं सांगणं.

खरी परीक्षा

माफीचा निकाल लागतो तो पुन्हा तसाच प्रसंग आल्यावर. पुन्हा कमी मार्क, पुन्हा उशिरा घरी येणं, पुन्हा बाजारभाव पडलेला दिवस. म्हणून आधीच ठरवा की त्या वेळी काय करणार. राग चढतोय असं वाटलं की “मी दहा मिनिटं बाहेर जाऊन येतो” म्हणायचं आणि अकराव्या मिनिटाला खरंच परत यायचं. परत न येणं म्हणजे अबोला, आणि अबोला ही शिक्षाच आहे. तरी चुकलात, आवाज चढला, तर झोपण्याआधी दोन वाक्यांत कबूल करा. पहिल्याइतकी तयारी लागत नाही, उशीर मात्र चालत नाही.

स्वतःला जमत नसेल तर मदत घ्या. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दारू आणि रागासाठीही जाता येतं.

नातेवाईक, सण, देव

आईला निरोप्या करू नका. “बाबांना वाईट वाटतंय, तूच जाऊन बोल” हे आईने सांगितलं की मुलाने दोघांना सांभाळायचं. मध्यस्थ हवाच असेल तर तो मुलाने निवडावा, मग तो मामा असो, मोठी चुलतबहीण असो की शाळेतल्या बाई. त्याचं काम एवढंच, की कुणाचा आवाज चढला तर बैठक थांबवायची. ‘बापच आहे शेवटी, सोडून दे’ म्हणणारा मध्यस्थ नको.

संक्रांतीला सगळ्यांसमोर तिळगूळ पुढे करून ‘गोड बोला’ म्हटलं की मुलाला हसावंच लागतं. आधी एकांतात बोलणं झालेलं असेल तर तिळगूळ जरूर द्या, त्याच्या जागी नको. जैन घरांत संवत्सरीला सगळ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणायची रीत आहे आणि लहानांपुढे मोठ्यांनी हात जोडायची सवय त्यातून लागते, हे मोलाचं आहे. पण ती क्षमा सगळ्यासाठी एकत्र असते. मुलीचा तो एक प्रसंग वेगळा, नाव घेऊन सांगावा लागतो. रामकुंडावरचं स्नान, नवस, उपास हे तुमच्या आणि देवाच्या मधलं. त्याचा हिशेब मुलाला सांगू नका.

शिक्षक आणि कोच यांच्यासाठी

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं आहे, तेव्हा वर्गात ‘ढ’ म्हणून उभं करणंही किरकोळ नाही. माफी एकट्याला केबिनमध्ये बोलावून, दार लावून मागू नका. पालकांना आधी कळवा, दार उघडं ठेवा, आणि मुलाला हवं असेल तर मित्राला सोबत येऊ द्या. रात्री खाजगी मेसेज करू नका. अपमान वर्गासमोर केला असेल तर त्याच वर्गासमोर, त्याला विचारून, एका वाक्यात मागे घ्या. त्यानंतर त्याला जास्तीचे मार्क, संघात जागा, कौतुकाचा मारा यातलं काही नको. बाकीच्या पोरांसारखंच वागवा. त्याला तेच हवं असतं.

उत्तर आलंच नाही तर

मनाने माफ करणं आणि पुन्हा जवळ येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचा वेग तो ठरवतो. आधी मेसेजला उत्तर, मग अर्धा तास चहा, मग कधीतरी घरी जेवण. एखादी पायरी वर्षभरही चालते, कधी मुलं एखादी पायरी मागेही जातात. त्याने भेट नाकारली तर एक छोटं पत्र हाताने लिहून द्या, एका पानाच्या आत, नमुन्यातल्याच मजकुराचं. मग वाढदिवसाला आणि निकालाला एकेक साधा मेसेज, उत्तराची अपेक्षा न लिहिता. त्याने तेही नको म्हटलं तर तेही बंद. आईकडून, मित्रांकडून, इन्स्टाग्रामवरून खबर काढायची नाही. ठरलेला हप्ता आणि कागदपत्रांचं काम मात्र चालू ठेवायचं, कारण ते त्याच्या उत्तरावर अवलंबून नव्हतंच.